जादा आढळलेली बेचाळीस कार्डं

सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी कोणत्याही संस्थेला, मंडळाला किंवा देवस्थानाला बेचाळीस काय, एकसुद्धा नेटवर्क कार्ड देणगी दिलेलं नाही. माझी तेवढी ऐपत नाही, आणि असती तरी मी कार्डं दिली नसती, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन केलं असतं. आमच्या कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या यादीत माझं नाव रंगवलं होतं. ते आता पुसलंय, पण पुसणाऱ्यानं असं पुसलंय की सकाळच्या उन्हात अजून स्वच्छ वाचता येतं. ते वाचून भवानी पेठेतली माणसं मला रस्त्यात थांबवतात आणि पोराच्या अॅडमिशनचं बघा म्हणतात. त्यांच्यासाठी हा खुलासा.

मी महेश्वर बिराजदार. सोलापुरातल्या एका शिक्षण संस्थेचा संगणक विभाग बघतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एसी लावलेली एक खोली. आठ वर्षं झाली, पण मी कायम नव्हतो. आमच्याकडे अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते. अकरा महिने संपले की एक दिवस मला नोकरीवरून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचं, अशी पद्धत आहे. त्या एका दिवशी मी कायद्यानं बेकार असतो. नेमकं त्याच दिवशी संस्थेत काहीतरी बंद पडतं, आणि बेकार माणसाला फोन करून बोलावलं जातं. असे आठ दिवस मी राबलोय. त्याबद्दल कुणी चहासुद्धा विचारला नाही, हे मी विसरणार नाही.

मला कायम करायची फाईल दोन वर्षांपासून सचिव प्रभुअण्णांच्या टेबलावर होती. मी भेटलो की ते फाईलवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बिराजदार, तुमचंच चाललंय." हात उचलला की फाईल तिथंच. सासुरवाडीच्या प्रत्येक लग्नात बायकोचे मामा हातात जिलेबीची डिश घेऊन सगळ्यांदेखत विचारायचे, जावईबापू कायम झाले का? गेल्या वेळी तर त्यांनी आधी वाढप्याला विचारलं आणि मग मला. तो वाढपी केटररकडे कायम होता. तेव्हा मला कायम व्हायचं होतं, एवढं लक्षात ठेवा. बाकी कशाची मला हाव नव्हती.

आता सर्व्हर म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर माझ्यावर काय अन्याय झाला ते कळायचं नाही. त्या एसी खोलीत चार मोठी यंत्रं आहेत. दिसायला चार, पण प्रत्येकाच्या पोटात आठ-दहा कॉम्प्युटर राहतात. ते खरे नसतात, नुसते मानलेले असतात. गिरणीच्या चाळीत एका छपराखाली दहा बिऱ्हाडं असायची, तसं. एका बिऱ्हाडात लायब्ररी, एकात अॅडमिशन, एकात परीक्षा विभाग. आणि बाहेर जायला-यायला चाळीला जे दार असतं, ते म्हणजे कार्ड. एका कार्डाला दोन किंवा चार भोकं असतात. त्यात वायरी जातात. हे चार भोकांचं नीट ध्यानात ठेवा, कारण माझ्या संस्थेत ते कुणीही ठेवलं नाही.

झालं असं की तिसऱ्या यंत्राचं एक कार्ड आजारी पडलं. दिवसातून दोन-तीनदा ते दोन मिनिटांसाठी गपकन् बंद व्हायचं. मग अॅडमिशन, हजेरी, लायब्ररी सगळं एकदम ठप्प, आणि सगळे विभागप्रमुख माझ्या टेबलाभोवती गोळा. मी काहीतरी केलं म्हणून बंद पडलं, अशी प्रत्येकाची खात्री. दोन मिनिटांनी आपोआप सुरू झालं की, बघा, रागावलं की कसं लगेच सुरू करतात, असं म्हणून ते निघून जायचे.

मशीन वॉरंटीत होतं. ज्या कंपनीनं विकलं तिला कळवलं. तिचं उत्तर आलं की कार्ड फुकट बदलून देऊ, पण आधी चारही यंत्रांमधल्या प्रत्येक नेटवर्क अॅडॅप्टरची यादी पाठवा. नाव, मॉडेल, फर्मवेअर, ड्रायव्हर, सगळं. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या डोक्यात कारखान्यातच भरलेली अक्कल, आणि ड्रायव्हर म्हणजे ती अक्कल यंत्राला समजावून सांगणारा मध्यस्थ. दोघांचं पटलं नाही की कार्ड बंद पडतं. यादी हवी संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. जग इतकं पुढं गेलं, पण शिक्का काही सुटला नाही.

ही माहिती हातानं उतरवायची तर दोन दिवस गेले असते. एकेक आकडा एवढा लांब की उतरवताना जांभई आली तर चुकतोच. म्हणून मी ठरवलं, स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामाची चिठ्ठी. या चारही घरी जा, प्रत्येक कार्डाला हे चार प्रश्न विचार आणि उत्तरं तक्त्यात भरून आण. एकदा लिहिली की जन्माची सोय.

रविवारी दुपारी जेवण उरकून लिहायला बसलो. बायकोला, वैजयंतीला, त्या दिवशी पडदे घ्यायला जायचं होतं. ती पर्स घेऊन तयार होऊन खुर्चीत बसली, बोलली काहीच नाही. असं बसणं बोलण्यापेक्षा वाईट असतं. तेवढ्यात शेजारचे श्रीमंतराव आले. ते जकात नाक्यावरून रिटायर झालेत. जकात बंद झाली, नाका पाडला, तरी त्यांची मोजायची सवय गेलेली नाही. आमच्या घरी येणाऱ्या पिशवीकडेसुद्धा ते वजन केल्यासारखं बघतात. मी काय करतोय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यावर त्यांनी मला बजावलं की माल कधी मशीननं मोजू नये. माणसानं मोजला की कमी-जास्त समजून घेता येतं, मशीनला समजून घेता येत नाही. मी हसलो. आता हसू येत नाही.

पहिल्यांदा चालवली तेव्हा स्क्रिप्टनं कोरा कागद दिला. दुसऱ्यांदा पहिल्याच यंत्राची माहिती चार वेळा आणली, म्हणजे सांगितलेल्या चार घरांपैकी ही एकाच घरी चार वेळा जाऊन चहा पिऊन आली. तिसऱ्यांदा तिनं कार्डाबरोबर यंत्रातलं जे दिसेल ते सगळं लिहून काढलं, पंख्यासकट, आणि घरचा प्रिंटर सतरा पानं काढून गरम झाला. वैजयंतीनं पर्स परत कपाटात ठेवली. श्रीमंतराव तिसऱ्या चहाला थांबले. आणि सव्वापाचला ती नीट चालली. चारही यंत्रं, प्रत्येक कार्ड, प्रत्येक आकडा, सगळं अकरा सेकंदांत. तक्ता असा देखणा की फ्रेम करून लावावा. खाली तिनं आपण होऊन लिहिलं होतं, "अहवाल सादर : म. शि. बिराजदार." म्हणजे तसं लिही असं मीच तिला सांगितलं होतं. त्या एका ओळीनं माझा घात केला.

तक्त्यात शेहेचाळीस ओळी होत्या. कारण स्क्रिप्ट कार्डं मोजत नाही, भोकं मोजते. यंत्राच्या दृष्टीनं प्रत्येक भोक हा वेगळा अॅडॅप्टर असतो, त्याला वेगळं नाव असतं, आणि कंपनीला यादी तशीच हवी होती. यात चूक काहीही नव्हती. हे मी त्यानंतर तीन आठवडे रोज सांगत होतो.

सोमवारी लेटरहेड आणायला स्टोअरमध्ये गेलो. आमच्याकडे लेटरहेड कुलपात असतं, आणि कुलपाची किल्ली स्टोअरकीपर धुळाप्पांच्या करगोट्याला. धुळाप्पा कुंभारीहून येतात, चौतीस वर्षं नोकरी, त्या महिन्याच्या एकतीस तारखेला रिटायर होणार होते. त्यांची पद्धत अशी की लेटरहेडवर काय छापणार ते आधी दाखवायचं, ते पूर्ण वाचणार, मग कागद मोजून देणार. त्यांनी माझा अहवाल बोट ठेवून ओळ न् ओळ वाचला. एक अक्षरही इंग्रजीतून मराठीत न आणता वाचला. मग उठले आणि कपाटातून डेड स्टॉक रजिस्टर काढलं.

डेड स्टॉक रजिस्टर ज्यांनी पाहिलं नाही ते भाग्यवान. संस्थेत जे वापरून संपत नाही ते सगळं त्यात असतं. खुर्च्या, कपाटं, घंटा, प्रयोगशाळेतला सांगाडा. प्रत्येक वस्तूला नंबर, आणि तो वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं घालायचा. सांगाड्याच्या कपाळावरसुद्धा आहे. आमचे सर्व्हर त्यात "मोठी संगणक यंत्रे, नग चार" म्हणून लिहिलेले.

"सर, हितं चार हायत," धुळाप्पा म्हणाले. "तुमच्या कागदावर शेहेचाळीस. बेचाळीस जादा आढळली की."

मी त्यांना समजावलं. भिंतीवरचा विजेचा बोर्ड दाखवला. म्हटलं, हा एक बोर्ड, पण पिन घालायला जागा पाच. मोजताना एक म्हणा किंवा पाच म्हणा, वस्तू तीच. त्यांनी बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि रजिस्टरात लाल पेनानं लिहिलं, "जादा आढळले, नग ४२."

तुम्हाला वाटेल, जादा आहे तर चांगलंच आहे. संस्थेत कधी काम केलेलं दिसत नाही. माल कमी भरला तर सरळ असतं, कुणीतरी नेला म्हणायचं, चौकशी लावायची आणि विसरायचं. जादा भरला म्हणजे काय म्हणायचं? बिल नाही, मंजुरी नाही, आणि वस्तू आहे. दुसऱ्या दिवशी मला ज्ञापन आलं. ज्ञापन म्हणजे मराठीतला मेमो, पण मेमोपेक्षा जास्त लागतो. विनापरवानगी बेचाळीस नग संस्थेच्या आवारात कसे आणले याचा खुलासा तीन दिवसांत करावा, असं त्यात होतं. आठ वर्षांत मी संस्थेत डब्याशिवाय काही आणलेलं नाही.

मी रागानं पेटलो. पण राग दाबून मी स्क्रिप्ट सुधारली. म्हटलं, भोकं नको तर नको. आता तिनं भोकं एकत्र करून खरीखुरी कार्डं मोजली, चौदा भरली. नवा अहवाल खुलाशासोबत जोडला आणि निर्धास्त झालो. ही माझी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक. कारण आता कार्यालयात माझ्याच सहीचे दोन अहवाल झाले. सोमवारी शेहेचाळीस, गुरुवारी चौदा. शुक्रवारी दुसरं ज्ञापन आलं की चार दिवसांत बत्तीस नग कुठं गेले.

म्हणजे सोमवारी मी चोरून आणणारा होतो आणि गुरुवारी चोरून नेणारा झालो. वॉचमननं संध्याकाळी माझी पिशवी उघडून बघितली. आत रिकामा डबा आणि अर्धा किलो शेंगाचटणी होती. त्यानं चटणीच्या पुडीत बोट घालून खात्री केली. भर गेटवर, मुलींच्या समोर. घरी येऊन मी जेवलो नाही. वैजयंतीनं विचारलं तर म्हटलं, ज्या चटणीवर संशय घेतला गेला ती मी खाणार नाही.

श्रीमंतराव होतेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला. त्यांच्या नाक्यावर कधी ट्रकमध्ये कागदापेक्षा जास्त माल निघाला तर तो देवस्थानाला देणगी म्हणून दाखवायचे, की सगळे मोकळे. तुम्हीसुद्धा तसंच करा. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की जी वस्तू अस्तित्वातच नाही ती मी देणगी दाखवणार नाही. मी प्रामाणिक माणूस आहे. ते म्हणाले, अहो, म्हणून तर ज्ञापन तुम्हाला आलं.

मी दुसरा अहवाल मागे घेतला. लेखी दिलं की पहिला अहवाल खरा, शेहेचाळीस अॅडॅप्टर जागेवर आहेत, एकही गेलेला नाही. हे शंभर टक्के खरं होतं. पण त्यामुळे बेचाळीस परत जादा झाली. त्याच सुमारास बाहेरची एक तपासणी समिती येणार असं कळलं आणि प्रभुअण्णा घाबरले. त्यांनी बैठक घेतली. मला बोलावलं नाही, कारण मी कायम नव्हतो. बैठकीत कुणाच्या तरी डोक्यात श्रीमंतरावांसारखाच विचार आला. या माणसांना नाक्यावर न बसता हे कसं सुचतं कोण जाणे. ठरलं की बेचाळीस नग देणगी म्हणून नोंदवायचे. देणगी रजिस्टरात देणगीदाराचं नाव लागतं. धुळाप्पांनी अहवाल उलटसुलट बघितला, आणि त्यावर एकाच माणसाचं नाव सापडलं.

मला हे कळलं ते दर्शनी भिंतीवरून. आमच्या कॉलेजात देणगीदारांचा लई मान. पंखा दिला तर पात्यांवर नाव, म्हणजे पंखा चालू असेपर्यंत ते कुणालाच वाचता येत नाही. मोठी देणगी असेल तर भिंतीवर काळ्या फरशीवर. मंगळवारी सकाळी पेंटर शिडीवर उभा राहून "श्री. महेश्वर शि. बिराजदार, कार्डे नग ४२" यातला शेवटचा दोन वळवत होता. मी खालून ओरडलो की थांब. तो म्हणाला, साहेब, स्पेलिंग चुकलं का?

मी तडक प्रभुअण्णांकडे गेलो. ते खुर्चीतून उठले. आठ वर्षांत ते माझ्यासाठी पहिल्यांदा उठले. म्हणाले, "बिराजदार, आजच्या काळात स्वतःच्या पगारातून संस्थेला देणारा माणूस मी बघितला नाही." मी म्हटलं, अण्णा, मी काही दिलेलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग जे सांगितलं त्यानं माझ्या पायाखालची फरशी सरकली. संस्थेच्या घटनेप्रमाणे एवढी मोठी देणगी देणारा आजीव सभासद होतो. आणि आजीव सभासदाला संस्थेत पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून माझी फाईल त्यांनी बंद केली होती. चालू ऑर्डर संपली की पुढची मिळणार नव्हती. त्याऐवजी रविवारी माझा सत्कार होता.

म्हणजे बघा. नसलेली कार्डं दिली म्हणून असलेली नोकरी जाणार. मला इतका संताप आला की मराठीत शब्द मिळेनात, मी कानडीत दोन वाक्यं बोललो. प्रभुअण्णांना कानडी माझ्यापेक्षा चांगलं येतं, पण त्यांनी ते न कळल्यासारखं केलं.

आता एकच मार्ग होता. सत्कारात माईक हातात मिळेल तेव्हा सगळ्यांसमोर खरं सांगायचं. वैजयंतीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, सांगा, पण सासूबाई अक्कलकोटहून निघाल्यात. श्रीमंतरावांनी परस्पर फोन करून आईला कळवलं होतं की तुमच्या मुलाचा सत्कार आहे.

माझी आई, नीलम्मा, गुडघे धरत धरत पहिल्या रांगेत येऊन बसली. इरकल नेसून आली होती, बरोबर दोन शेजारणी. तिला कार्ड म्हणजे लग्नाच्या पत्रिका वाटल्या आणि मी बेचाळीस लग्नं लावून दिली अशी तिची समजूत झाली होती. मला टॉवेल, टोपी, नारळ आणि चादर मिळाली. चादर खरोखरच चांगली होती, ते मी नाकारत नाही. मग माईक हातात आला. आईकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, म्हणून मी मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोललो.

"मी या संस्थेला काहीही दिलेलं नाही. बेचाळीस कार्डं नाहीतच. माझं नाव भिंतीवरून पुसा आणि मला माझी नोकरी द्या, एवढंच मला पाहिजे."

 मग प्रभुअण्णांनी टाळी वाजवली आणि त्यामागून सगळ्यांनी. अण्णांनी माईक घेऊन सांगितलं की उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू न देणारा दाता असा असतो, आणि एवढं देऊनही संस्थेची सेवाच मागतो. दोन प्राध्यापिकांनी डोळे पुसले. आईच्या शेजारणींनी तिला मिठी मारली. मी आयुष्यात पहिल्यांदा माईकवर खरं बोललो, आणि त्यावर एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. घरी रिक्षात आई माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "पगार कमी असून एवढं देतोस, येन् मगा, काय रे लेकरा, मला आधी बोललास नाही."  मी चादर घडी करून मांडीवर घेतली.

एवढ्यात कंपनीचं नवीन कार्ड आलं. शेहेचाळीस ओळींचा तोच अहवाल पाहून कंपनी खूश झाली होती, हा एवढाच न्याय मला कुठून मिळाला असेल तर तिच्याकडून. सोबत अट होती की जुनं कार्ड पंधरा दिवसांत परत पाठवायचं, नाहीतर नवीन परत नेऊ. दोन दिवसांवर परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, आणि तिसरं यंत्र आता दर तासाला बंद पडत होतं. मी कार्ड बदललं. यंत्र शांत झालं. आता जुनं बाहेर पाठवायचं, त्याला गेट पास लागतो. गेट पासवर ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याची सही. ताबा कुणाचा? कुणाचाच नाही.

इथं धुळाप्पा उभे राहिले. त्यांनी प्रभुअण्णांना सांगितलं की एकतीसला मी जाणार, त्याआधी मला चार्ज द्यायचाय. चार्ज दिल्याशिवाय मला कार्यमुक्त करता येत नाही. खुर्च्या, कपाटं, सांगाडा घ्यायला माणसं आहेत, पण शेहेचाळीस कार्डं कोण घेतो? आणि ताबा फक्त कायम कर्मचाऱ्याकडे देता येतो, कंत्राटीकडे नाही. अण्णांनी मुख्य कारकुनाला बोलावलं. त्यानं डोळ्यांनी न पाहिलेल्या वस्तूवर सही करायला नकार दिला. फिजिक्सचे प्राध्यापक म्हणाले, माझी पाठ दुखते. ग्रंथपालांनी रजा टाकली. इतके दिवस ज्या वस्तूंसाठी माझा सत्कार झाला, त्या घ्यायला चाळीस कायम माणसांत एक तयार होईना.

तीन दिवस हे चाललं. जुनं कार्ड माझ्या टेबलावर, कंपनीचे फोन, धुळाप्पांची निरोपाची भाजी-पोळी ठरलेली, आणि चार्ज कुठंच जात नव्हता. शेवटी धुळाप्पांनीच अण्णांना वाट दाखवली. ताबा घेणारा मिळाला तर नोंद "देणगी" अशी न करता "जादा आढळले, ताब्यात घेतले" अशी करता येते. मग देणगीदार लागत नाही, म्हणजे आजीव सभासद नाही. आणि त्या खोलीची किल्ली तशीही एकाच माणसाकडे आहे. तो कायम तेवढा नाही.

अण्णांनी फाईलवर ठेवलेला हात उचलला. दोन वर्षं न हललेली फाईल त्या दिवशी दीड तासात चार टेबलं फिरून आली. साडेतीन वाजता माझ्या हातात कायम नेमणुकीचा आदेश होता. त्यात माझ्या आठ वर्षांच्या कामाचा एक शब्द नाही. "जादा आढळलेल्या नगांच्या ताब्याकरिता आवश्यक असल्याने" मला कायम केलंय, असं स्वच्छ लिहिलंय. मामांना मी हा आदेश दाखवणार नाही, नुसतं तोंडानं सांगेन.

आदेश घेऊन स्टोअरमध्ये गेलो. धुळाप्पांनी रजिस्टर पुढं सरकवलं, मी सही केली. आता रिटायर होईपर्यंत त्या बेचाळीस नसलेल्या कार्डांना मी जबाबदार. जाताना मला ती कुणाच्या तरी ताब्यात द्यावी लागणार. गेट पास झाला, जुनं कार्ड गेलं. धुळाप्पांनी करगोट्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. मग मी विचारलं, ती कार्डं नाहीत हे तुम्हाला नक्की कधी कळलं?

"पैल्याच दिवशी की. तुमी बोर्ड दावला तवाच."

माझं डोकं फिरलं. दोन ज्ञापनं, भर गेटवर चटणीची झडती, आईसमोर माझा खोटा सत्कार, हे सगळं या माणसाला माहीत असून यानं होऊ दिलं. मी आवाज चढवूनच विचारलं की मग मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं.

धुळाप्पांनी पेनाचं टोपण लावलं, लाल पेनाचंही लावलं.

"तुमी खरं बोलणारा माणूस. सांगितलं असतं तर समद्यावर पाणी फिरवलं असतं तुमी. आठ वर्सं चार मशिनी नीट सांभाळल्या, कुणी इचारलं का? हितं असलेलं सांभाळायला कंत्राटी माणूस चालतोय सर. नसलेलं सांभाळायला कायमचाच लागतोय."

मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तो अजूनही आहे. तो राग तसाच ठेवून मी खाली वाकलो आणि त्यांच्या पाया पडलो.